७२ तासांचं गणित: एचआयव्हीची धास्ती वाटली तर कोल्हापुरात काय करायचं

काही वर्षांपूर्वी एका बुधवारी संध्याकाळी मित्रानं मला रंकाळ्यावर बोलावलं. अर्धा तास चालत होतो, तो भलतंसलतं बोलत होता. मग एकदम थांबून म्हणाला, "शनिवारी रात्री कंडोम फाटला. समोरची व्यक्ती पॉझिटिव्ह आहे, औषधं घेत नाही, हे नंतर कळलं." मी मनातल्या मनात तास मोजले. शनिवारी रात्री अकरापासून बुधवारी सहापर्यंत ९१ तास होतात. संसर्ग टाळणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि ते दार मंगळवारी रात्री अकरालाच बंद झालं होतं.

अशा वेळी गोळ्या मिळतात हे त्याला ठाऊक होतं. पण त्याचा एक मावसभाऊ सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नोकरीला आणि शेजारची एक मुलगी तिथंच नर्स. कोणी बघितलं तर काय सांगायचं, या विचारात त्यानं चार दिवस घालवले. पुढं तीन महिने तो धड झोपला नाही. त्याचे रिपोर्ट निगेटिव्ह आले, पण गोळ्या वेळेत मिळाल्या असत्या तर त्या तीन महिन्यांतला बराच जाच वाचला असता. कोल्हापुरात कुठल्याही रांगेत उभं राहा, "तुम्ही कुणाचे?" विचारणारा एक तरी भेटतोच. त्या प्रश्नाच्या भीतीनं ज्यांचे तास चाललेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी हे औषध काय आहे ते

संसर्गाची शक्यता असलेली घटना घडल्यावर लगेच सुरू करून २८ दिवस घ्यायच्या गोळ्यांना डॉक्टर 'पेप' म्हणतात. दवाखान्यात नर्सला किंवा सफाई कर्मचाऱ्याला वापरलेली सुई टोचली की त्यांना हेच देतात. सरकारी हॉस्पिटलात या गोळ्या ठेवलेल्या असतात त्या मुळात त्यासाठी. पण नोकरीबाहेरही प्रसंग येतात: कंडोमशिवायचा किंवा कंडोम फाटलेला संबंध, लैंगिक अत्याचार, एकाच सिरिंजनं दोघांनी घेतलेली नशा. औषध तेच, नियमही जवळपास तेच.

हे काम कसं करतं ते समजलं की वेळेचा आग्रह का धरतात ते कळतं. विषाणू शरीरात शिरला की पहिल्या काही तासांत तो शिरकावाच्या जागेजवळच्या पेशींत असतो. तिथून दोन-तीन दिवसांत लसिका ग्रंथींपर्यंत पोचतो आणि मग कायमचा ठाण मांडतो. पेशीत घुसल्यावर तो स्वतःच्या आरएनएची, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुराची, डीएनए प्रत काढतो आणि ती प्रत आपल्या पेशीच्या डीएनएत शिवून टाकतो. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन औषधं प्रत काढू देत नाहीत, डोल्युटेग्रॅव्हिर ती शिवू देत नाही. एकदा शिवण पक्की झाली की मात्र ती उसवणारं औषध आज नाही. म्हणून ७२ तास ही शेवटची हद्द आहे. सत्तराव्या तासाला जाणं आणि दुसऱ्या तासाला जाणं यांत मोठा फरक आहे. दोन तासांत पहिली गोळी पोटात गेली तर सगळ्यात उत्तम.

पहिली गोष्ट: वेळ लिहून ठेवा

मोबाइलवर घटनेची तारीख आणि वेळ टाइप करा. घाबरलेल्या माणसाचा वेळेचा हिशेब चुकतो, आणि डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. शनिवारी रात्री घडलं असेल तर रविवारी ओपीडी बंद, सोमवारी गर्दी, मंगळवारी कामावर सुट्टी मिळत नाही, असं म्हणता म्हणता सगळं संपतं. त्यामुळे ओपीडीची वाट बघू नका. अपघात विभाग रात्रभर उघडा असतो.

मग अंगाकडे बघा. बाहेरची त्वचा साध्या साबण-पाण्यानं धुवा. जखम असेल तर ती दाबून रक्त काढू नका, घासू नका, त्यावर ब्लीच किंवा कडक जंतुनाशक ओतू नका. डोळ्यात काही उडालं असेल तर भरपूर साधं पाणी मारा. योनीत किंवा गुदद्वारात आतून पाणी मारणं, डेटॉल वापरणं अजिबात करू नका. आतली नाजूक त्वचा सोलवटली की विषाणूला वाट आणखी सोपी होते. अत्याचार झाला असेल तर मात्र अंघोळीबद्दल वेगळा नियम आहे, तो पुढं सांगतो.

खरंच धोका आहे का?

मला विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना धोका नसतोच, आणि बाकीच्या निम्म्यांना तो आहे हे पटत नसतं.

डास, एकाच ताटात जेवण, चुंबन, रंकाळ्याच्या पाण्यात पोहणं, शौचालयाची सीट, हस्तांदोलन यांतून एचआयव्ही होत नाही. न्हाव्याकडे ब्लेड लागलं तर त्याचाही धोका नगण्य, फक्त नवं ब्लेड मागायची सवय ठेवा. कचऱ्यात पडलेली जुनी, सुकलेली सुई पायात गेली तर एचआयव्हीपेक्षा धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी यांची काळजी जास्त. तरी डॉक्टरला दाखवाच.

समोरची व्यक्ती पॉझिटिव्ह आहे पण नियमित औषधं घेते आणि तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत दिसण्याइतकाही उरलेला नाही, अशा वेळी लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. हे आता जगभर मान्य झालेलं आहे, आणि आपल्याकडे ते पुरेसं सांगितलं जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. संसर्गाची भीती असते ती बहुतेकदा ज्याला स्वतःची स्थिती माहीत नाही किंवा ज्यानं उपचार सोडलेत, अशा व्यक्तीकडून.

आता आकडे. उपचार न घेणाऱ्या पॉझिटिव्ह व्यक्तीशी कंडोमशिवाय संबंध आला तर दर १०,००० वेळांमागे साधारण किती जणांना लागण होते? योनीमार्गे संबंधात स्त्रीला सुमारे ८, पुरुषाला सुमारे ४. गुदामार्गे संबंधात आत घेणाऱ्याला सुमारे १३८, दुसऱ्याला ११. नशेसाठी एकमेकांची सुई वापरली तर सुमारे ६३. आकडे लहान वाटतात, पण सोबत जखम, रक्त किंवा दुसरा गुप्तरोग असेल तर ते वाढतात. शिवाय एका वेळेलाही लागण होऊ शकते. हे आकडे वाचून घरी बसू नका. गोळ्या द्यायच्या की नाही ते डॉक्टरला ठरवू द्या.

कुठं जायचं, काय बोलायचं

शहरात असाल तर सरळ सीपीआर, म्हणजे दसरा चौकाजवळचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी अपघात विभागात जा, दिवसा एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या उपचाराचं केंद्र) किंवा आयसीटीसी (एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र) विचारा. इचलकरंजीकडचे लोक तिथल्या आयजीएम या सरकारी रुग्णालयात आणि गडहिंग्लज भागातले तिथल्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊ शकतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या नसल्या तरी पुढं कुठं पाठवायचं हे आयसीटीसीच्या समुपदेशकाला माहीत असतं. निघण्याआधी किंवा वाटेत १०९७ वर फोन करा. ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो, नाव सांगावं लागत नाही.

खिडकीवर काय बोलायचं याचीच लोकांना जास्त धास्ती असते. केसपेपर काढताना सगळी कहाणी सांगायची गरज नसते. "डॉक्टरांना खासगीत बोलायचंय, तातडीचं आहे" एवढं पुरतं. डॉक्टर समोर आले की हे वाक्य जसंच्या तसं म्हणा: "काल रात्री अकरा वाजता माझा असुरक्षित संबंध आला. एचआयव्हीची शक्यता आहे. मला पेप सुरू करायचं आहे." घटना, वेळ, मागणी, तिन्ही एका दमात. रडत, अडखळत बोललात तरी चालेल, पण वेळ सांगायला विसरू नका.

एकदा मी एका ओळखीच्या मुलाबरोबर रात्री एका दवाखान्यात गेलो होतो. ड्युटीवरच्या माणसानं सगळ्यांसमोर मोठ्यांदा विचारलं, "कशाला जायचं अशा ठिकाणी?" तो मुलगा उठून निघायला लागला. मी त्याचा हात धरून बसवलं आणि शांतपणे म्हणालो, "साहेब, ते नंतर विचारा, याचे तीस तास झालेत." दुसऱ्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत बघितलं. तुमच्यावरही कुणी असं बोललं तर उठू नका, दुसऱ्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटायला मागा. शक्य असेल तर सोबत एक माणूस न्या. जो विचारपूस कमी करतो आणि गाडी चालवतो, असा मित्र.

नोकरीबाहेरच्या घटनेत, विशेषतः संमतीनं आलेल्या संबंधात, दवाखान्यातला एखादा माणूस "या गोळ्या स्टाफसाठी असतात" म्हणू शकतो. तिथं वाद घालत तास घालवू नका. एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना भेटायला मागा. तरी काम झालं नाही तर चिठ्ठी लिहून मागा आणि मेडिकलमधून गोळ्या घ्या. खासगी डॉक्टरही लिहून देतात, एमडी मेडिसिन किंवा गुप्तरोगतज्ज्ञ असतील तर बरं. एखाद्या मेडिकलमध्ये नसेल तर "टीएलडी" (वर सांगितलेली तिन्ही औषधं एकत्र असलेली गोळी) म्हणून विचारा, मोठ्या दुकानातून मागवून देतात. चिठ्ठीशिवाय, इंटरनेटवर वाचून स्वतःच्या मनानं गोळ्या घेऊ नका. किडनीचा त्रास असेल किंवा दुसरं औषध चालू असेल तर ते अंगाशी येतं.

तपासणी आणि संमती

गोळ्या देण्याआधी किंवा दिल्याबरोबर रक्त घेतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, किडनीसाठी क्रिएटिनिन. स्त्रियांना गरोदरपणाची चाचणी. आज एचआयव्हीची चाचणी कशाला, कालचं तर दिसणार नाही, असं वाटेल. बरोबर आहे, कालचं दिसणार नाही. पण आधीपासून लागण असेल तर उपचार वेगळा लागतो, म्हणून ही चाचणी. आणि तिच्या रिपोर्टसाठी पहिली गोळी अडवून ठेवायची नसते. जोडीदाराचा रिपोर्ट मिळेपर्यंत थांबणंही चूक. आधी गोळी घ्या. नंतर गरज नव्हती असं ठरलं तर डॉक्टर बंद करतील.

२०१७ सालचा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि तुमची माहिती, काही अपवाद सोडले तर, तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. माझ्या मित्राला ज्या मावसभावाची भीती वाटत होती, त्यालाही हा कायदा बांधून ठेवतो. नोंद करताना आधी समुपदेशकाला सांगा की घरच्या पत्त्यावर काही पाठवू नका, फोन फक्त याच नंबरवर करा.

२८ दिवस

साधारणपणे रोज एक गोळी मिळते. तिच्यात तीन औषधं असतात: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. जेवणाआधी किंवा नंतर, कधीही चालते, पण रोज एकाच वेळेला. रात्रीच्या जेवणानंतर घेतलेली बऱ्याच जणांना सोसते. झोप उडाली तर डॉक्टरांना विचारून सकाळी घ्या. सुरुवातीचे दिवस मळमळ, डोकेदुखी, विचित्र स्वप्नं पडतात, बहुतेकांची पहिल्या आठवड्यानंतर कमी होतात. अंगावर मोठं पुरळ आलं, डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर लगेच डॉक्टरकडे जा. गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, पण एका वेळेला दोन घेऊ नका.

आता आपल्या गावाची एक खास अडचण. तांबडा रस्सा झाला की रात्री ॲसिडिटीचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी घ्यायची सवय घराघरांत आहे. त्यातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच अडकवून ठेवतं, ते रक्तात फार कमी जातं. अशी औषधं घ्यायचीच असतील तर पेपची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही असंच, त्या घ्यायच्या असतील तर दोन्ही जेवणाबरोबर घ्या. महिना सरेपर्यंत तिखट जरा बेतानं खाल्लं तर हा प्रश्नच उरत नाही.

चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन असेल तर त्याची मात्रा बघावी लागते. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन किंवा फिटसाठीची काही औषधं असतील तर डोल्युटेग्रॅव्हिरचा डोस बदलावा लागतो. गरोदर असाल तर सांगा, त्यानं गोळ्या अडत नाहीत. वैद्याची चूर्णं आणि 'शक्तीची' औषधं महिनाभर बाजूला ठेवा.

एकत्र कुटुंबात गोळ्या लपवायच्या कुठं, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. बाटलीत साधारण ३० गोळ्या असतात, हलवली की आवाज येतो. बाटलीभोवती रुमाल गुंडाळून ठेवा. दुसऱ्या डबीत ओतू नका, ओलाव्यानं औषध खराब होतं. वरचं लेबल काढून टाकायचं असेल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा. बाटली ऑफिसच्या बॅगेत राहू द्या आणि कुलूप लावता येत असेल तर लावा. मोबाइलवर गजर लावा, नाव 'व्हिटॅमिन' ठेवा. २८ झाल्यावर दोन गोळ्या उरतील, त्या कुणाला देऊ नका. दोन गोळ्यांनी कुणाचं संरक्षण होत नाही, उलट तो निर्धास्त होतो.

या दिवसांत आणि शेवटची तपासणी होईपर्यंत प्रत्येक संबंधात कंडोम. बायकोला कसं सांगायचं, याचं उत्तर समुपदेशकाबरोबर बसून शोधा, त्याला असे पन्नास प्रसंग माहीत असतात. बाळाला अंगावर पाजत असाल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांशी बोला. आणि रक्तदान करू नका. शिवजयंती, गणेशोत्सवाला तालमीत, मंडळात शिबिर असतं, पोरं हाताला धरून खुर्चीवर बसवतात. "डॉक्टरांची औषधं चालू आहेत" एवढं सांगून बाजूला व्हा. घेतलेल्या रक्ताची तपासणी होते, पण लागण अगदी नवी असेल तर ती तपासणीत सुटू शकते. ते रक्त कुणाच्या तरी आईला चढणार आहे.

अत्याचार झाला असेल तर

ज्यांच्यावर बळजबरी झाली त्यांनी वरची खिडकीची, ओळखीची चिंता पूर्ण बाजूला ठेवावी. तुमच्यावर गुन्हा झाला आहे. जमलं तर तपासणीआधी अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका, बदललेच तर कागदी पिशवीत ठेवा. पण अंघोळ केली असेल तरी दवाखान्यात जा, पेपला त्यानं फरक पडत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक हॉस्पिटलनं बलात्काराच्या पीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे आहेत. आधी पोलिसात जाऊन या, असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, तरी शरीराची तपासणी तुमच्या संमतीनंच होते.

त्याच भेटीत गर्भ राहू नये म्हणून गोळी मागून घ्या, तीही जितकी लवकर तितकी चांगली. हिपॅटायटिस बीची लस आणि गुप्तरोगांवरची औषधंही मागा. ११२ पोलिसांचा, १८१ महिलांसाठीचा, १०९८ मुलांसाठीचा नंबर. मुलगा असो की मुलगी, १८ वर्षांखाली असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि गोळ्यांचा डोस वजनावर ठरतो. पुरुषांवरही अत्याचार होतो. त्यांनाही पेप मिळालं पाहिजे, आणि मागताना त्यांची जीभ सगळ्यात जास्त अडखळते, हे मी पाहिलेलं आहे.

नंतरच्या तपासण्या

पहिली सहाव्या आठवड्यात, दुसरी तिसऱ्या महिन्यात. डॉक्टर बोलावतील तर सहाव्या महिन्यातही जा. मधल्या काळात ताप, घसा, अंगावर पुरळ, काखेत किंवा मानेला गाठी असं काही एकत्र दिसलं तर तारखेची वाट न बघता दाखवा. साध्या व्हायरलमध्येही हे होतं, तेव्हा लगेच घाबरून जाऊ नका. हिपॅटायटिस बी आधीच असल्याचं निघालं असेल तर २८ दिवसांनी गोळ्या आपल्या आपण बंद करू नका. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन त्या विषाणूवरही काम करतात, आणि अचानक थांबवल्यावर यकृताला सूज येऊ शकते.

लघवीला जळजळ, फोड किंवा स्राव असेल तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जा. पेप एचआयव्हीपासून वाचवतं. सिफिलिस, परमा यांवर त्याचा काही उपयोग नाही.

असे प्रसंग तुमच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येत असतील, जोडीदार उपचार घेत नसेल किंवा कामच तसं असेल, तर दर वेळी ७२ तासांची शर्यत लावत बसू नका. घटनेआधीच रोज घ्यायची प्रेप नावाची गोळी असते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा. पेपचे २८ दिवस संपत आले की तपासणी करून घ्या आणि ती निगेटिव्ह आली तर प्रेप लगेच दुसऱ्या दिवसापासून सुरू करा, मध्ये खंड पडू देऊ नका. हे विचारायचं असेल तर पेपच्या शेवटच्या आठवड्यातच भेटीची वेळ घेऊन ठेवा.